चक्रीवादळ गेल्यावर : कोकण किनाऱ्यावरच्या गावांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

३ जून २०२० च्या दुपारी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या आसपास जमिनीवर चढलं. वाऱ्याचा वेग ताशी १०० किलोमीटरच्या वर, झोत त्याहून जोराचे. श्रीवर्धन, म्हसळा, मुरुड, मंडणगड, दापोली या तालुक्यांतल्या गावांना त्या काही तासांनी पुढची कित्येक वर्षं कामाला लावलं. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला समांतर वर सरकत गुजरातेत गेलं आणि जाता जाता सिंधुदुर्ग-रत्नागिरीला झोडपून गेलं. तेव्हापासून दर मे महिन्यात आणि पुन्हा भातकापणीच्या सुमारास आम्हाला तेच तेच प्रश्न विचारले जातात. विचारणारे गावातले असतात, तसेच मुंबई-पुण्यात राहून गावच्या घरावर जीव लावून बसलेलेही असतात.

उत्तरं वाचताना एक गोष्ट धरून चाला: वादळानंतरचे पहिले दोन-तीन दिवस बाहेरून कुणी येत नाही. येऊ शकत नाही. घाटापासून बंदरापर्यंत रस्त्यावर झाडं आडवी असतात. त्या दिवसांत गावाला गावच असतं.

वारा एकदम थांबला. आता बाहेर पडायचं का?

नाही. वादळाचा मधला भाग, ज्याला डोळा म्हणतात, तो डोक्यावरून जात असेल तर वारा अचानक पडतो, कधी ऊनही दिसतं. थोड्या वेळाने तोच वारा उलट्या दिशेने येतो, आणि पहिल्या वाऱ्याने खिळखिळी झालेली झाडं, पत्रे, आवाराचे दगडी गडगे दुसऱ्या फेरीत पडतात. आकाशवाणीवरून किंवा पोलीस पाटलांकडून वादळ पुढे सरकल्याचं कळेपर्यंत आतच राहा. घराचा कुठलाच भाग भरवशाचा वाटत नसेल तर माजघर बरं. पडवी सगळ्यात वाईट.

वादळ गेलं. सगळ्यात आधी काय बघायचं?

माणसं. हे सांगावं लागतं, कारण आपण बाहेर पडलो की नजर आधी छपरावर जाते, मग आगरावर, म्हणजे नारळ-पोफळीच्या बागेवर, मग गोठ्यावर. उडालेला पत्रा उद्याही उडालेलाच असणार आहे. वासा अंगावर पडून अडकलेल्या म्हातारीला उद्यापर्यंत वेळ नसतो.

आमच्याकडे जी पद्धत बसली ती अशी. प्रत्येक वाडीत, आळीत, मोहल्ल्यात दहा-बारा घरांमागे दोन माणसं ठरलेली असतात. दोन अशासाठी की एकाचंच घर पडलेलं असू शकतं. वारा थांबल्यावर ती दोघं प्रत्येक दारात जातात. हाक मारून ‘बरे आहात ना?’ विचारून पुढे जात नाहीत, उंबरा ओलांडून आत जातात. कारण आतून ‘हो हो, बरं आहे’ असंच उत्तर येतं. कोकणी माणूस पाय मोडला तरी पाहुण्याला आधी पाणी देईल. आत गेल्यावर कळतं की चूल भिजली आहे, काकूंनी सकाळपासून काही खाल्लेलं नाही आणि काका दारामागे बसून आहेत.

यादी कागदावर हवी. मोबाइलमधली यादी बॅटरी संपली की गेली. त्या यादीत कुणाला खूण करून ठेवायची? एकटी राहणारी वयस्कर माणसं, सातव्या-आठव्या महिन्यातल्या गरोदर बायका, अंथरुणाला खिळलेले, डायलिसिसवर असलेले, इन्सुलिन घेणारे, ऐकू किंवा दिसत नसलेले. ही माहिती गावात आधीच कुणाकडे तरी असते. आशाताई आणि अंगणवाडीताईंच्या वह्यांमध्ये ती ग्रामपंचायतीच्या दप्तरापेक्षा ताजी असते. मे महिन्यातच त्यांच्यासोबत बसून यादी करा.

पहिली फेरी अंधार पडण्याआधी आणि दुसरी दुसऱ्या दिवशी सकाळी. दुसरी टाळू नका. पहिल्या दिवशी माणूस धक्क्यात असतो, लागलेलं दुखत नाही. छातीत दुखतंय, लघवी होत नाही, रात्रभर ओल्यात झोपलो असं सगळं दुसऱ्या दिवशी बाहेर येतं.

आम्ही मुंबईला असतो. गावाला फोन लागत नाही. खबर कशी मिळवायची?

फोन न लागणं म्हणजे काही वाईट घडलं असं नाही. टॉवरची वीज गेली, जनरेटरचं डिझेल संपलं किंवा केबल तुटली की सगळा पट्टा बंद होतो. निसर्गनंतर कित्येक गावं अनेक दिवस अशीच मुकी होती. लोक सड्यावर, म्हणजे वरच्या कातळ माळावर, चढून कुठे रेंजची एखादी काडी दिसते का बघायचे आणि एका फोनवरून दहा घरांचे निरोप द्यायचे.

म्हणून दर पाच मिनिटांनी घरी फोन लावू नका. एखादा क्षण रेंज मिळते, तो क्षण तुमच्या मिस्ड कॉलमध्ये जातो आणि गावच्या फोनची बॅटरीही. एक साधा मेसेज पाठवा: ‘सगळे ठीक का? एका शब्दात कळवा.’ कॉल लागत नसतानाही मेसेज कधीकधी पोचतो.

तुमच्या गावमंडळात एका माणसाला खबर गोळा करायचं काम द्या. सगळ्यांनी त्यालाच विचारायचं आणि गावातूनही एकानेच त्याला कळवायचं. ‘अमक्या वाडीतली सगळी माणसं सुखरूप, दोन घरांची छपरं गेली’ एवढं एकदा कळलं की चाळीस घरांचा घोर मिटतो. त्यात ऐकीव काही घुसवायचं नाही. निसर्गच्या वेळी दुसऱ्याच गावातल्या पडझडीचे फोटो स्वतःच्या गावाचे म्हणून फिरले आणि लोकांच्या झोपा उडाल्या. फोटो कुणी, कधी, कुठे काढला हे माहीत नसेल तर पुढे पाठवू नये.

गाडी काढून लगेच निघायचा विचार असेल तर थांबा. रस्ता मोकळा करणाऱ्या जेसीबीमागे तुमची गाडी अडकली की रुग्णवाहिकाही अडकते. जायचंच असेल तर दोन-तीन दिवसांनी जा, आणि स्वतःचं पाणी, जेवण, पेट्रोल घेऊन जा.

कुठले नंबर लिहून ठेवायचे?

जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष १०७७. पोलीस आणि कुठलीही तातडीची मदत ११२. रुग्णवाहिका १०८. वीज १९१२. समुद्रात कुणी अडकलं असेल तर तटरक्षक दल १५५४. हे भिंतीवर खडूने लिहा, कॅलेंडरवर नको, कॅलेंडर उडतं.

तारा पडल्या आहेत. लाइट तर गेलेलीच आहे, बाजूला करू का?

हात लावू नका. लाइट गेली आहे हे तुमच्या घरापुरतं खरं असतं. दुसरीकडून फीडर चालू असू शकतो किंवा कुणीतरी घरी जनरेटर लावून त्याची वीज उलटी लाइनीत सोडलेली असू शकते. या दुसऱ्या कारणाने वायरमनचे जीव जातात. जनरेटर वापरायचा तर मेन स्विच पाडून, बोर्डात वायर न खोचता, उपकरण थेट जनरेटरला जोडून. आणि तो घराबाहेर, खिडकीपासून लांब. त्याच्या धुरातला वायू वास न येता माणूस मारतो.

तारेजवळ कुणाला तरी उभं करा, मुलांना आणि गुरांना लांब ठेवा. वायरमन आला की त्याला चहा-भाकरी द्या, आधी आमच्याकडचं कर म्हणून ओढू नका. खांब उभे करायला गावातली तरणी पोरं मदतीला गेली तर काम निम्म्या वेळात होतं, हे निसर्गच्या वेळी गावोगाव दिसलं. पण तारेचं काम त्यांचं, खड्ड्याचं आणि ओढायचं आपलं.

आडवी झाडं कशी कापायची?

घाईने नाही. वादळात पडलेलं झाड हे तोडून पाडलेल्या झाडासारखं निवांत पडलेलं नसतं. खोड कुठेतरी वाकून ताणलेलं असतं, आणि करवत चालली की ते उसळतं. मुळासकट उपटलेल्या आंब्या-फणसाचं बूड तर खोड कापताच परत खड्ड्यात उभं राहतं. त्या खड्ड्यात मूल खेळत असेल तर काय होईल याचा विचार करा. आधी फांद्या, मग शेंड्याकडून बुडाकडे, आणि बुडाजवळचा तुकडा सगळ्यात शेवटी, तोही अनुभवी माणसाने. कटर मशीन चालवणाऱ्याजवळ दुसरा माणूस हवा, पण हाताच्या टप्प्याबाहेर.

पहिल्यांदा पाणंद मोकळी करायची, तीही माणूस झोळीतून नेता येईल एवढी. नंतर गाडीरस्ता. स्वतःचं अंगण तिसरं.

शेजाऱ्याचं झाड आमच्या घरावर पडलं. नुकसान कुणी द्यायचं? लाकूड कुणाचं?

हा प्रश्न विचारला जातो त्याहून जास्त वेळा मनात असतो. वादळात पडलेल्या झाडाचा दोष शेजाऱ्याचा नसतो, आणि सरकारी मदत घराच्या नुकसानीची मिळते, झाड कुणाचं होतं यावरून नाही. लाकडाचं म्हणाल तर झाड ज्याचं, लाकूड त्याचं, असं सहसा धरतात; पण ते उचलून न्यायची जबाबदारीही मग त्याचीच. बऱ्याच ठिकाणी समजुतीने असं होतं की खोड मालकाला आणि फांद्यांचा लाकूडफाटा ज्याच्या घरावर पडलं त्याला.

बांधावरचा फणस असेल तर मात्र वर्षानुवर्षांची भाऊबंदकी त्याच्यासोबतच आडवी होते. तलाठी पंचनाम्याला आले असताना हद्दीचा वाद काढू नका. त्यांच्या कागदावर ‘वादग्रस्त’ पडलं की दोघांचीही मदत अडकते. झाडाचे आणि बांधाचे फोटो काढा, दोन जाणत्या माणसांसमोर लाकूड मोजून बाजूला रचा, भांडण गणपतीनंतर करा.

छपरावर कधी चढायचं?

कौलं-पत्रे ओले असताना नाही, आणि एकट्याने कधीच नाही. वादळात वाचलेली माणसं दुसऱ्या दिवशी छपरावरून पडून हात-पाय मोडून घेतात. वासे, रिपा आतून तपासा. आढं हललं असेल तर वर पायच ठेवू नका.

ताडपत्री घट्ट बांधायची तर तिला आढ्यापलीकडे दुसऱ्या बाजूला उतरवा, कडा बांबूला गुंडाळा आणि बांबू वाशाला बांधा. नुसते दगड ठेवले तर पुढच्या झोताला ताडपत्रीही जाते आणि दगड खाली येतात. सिमेंटचे जुने पत्रे फुटले असतील तर त्यांचे तुकडे पाण्याने भिजवूनच उचला, तोंडाला फडकं बांधा. त्यात ॲस्बेस्टॉस असतं आणि ती धूळ फुप्फुसात बसते.

मंगलोरी कौलं की पत्रा, यावर आमच्यात एकमत नाही. कौलं उडाली की एकेक उडतात, निम्मी वाचतात, आणि खाली घर गार राहतं. पत्रा उडाला की अख्खा उडतो आणि ज्याच्यावर पडेल त्याला कापतो. पण वादळानंतर कौलं मिळता मिळत नाहीत आणि पत्रा मिळतो, म्हणून किनाऱ्यावरची घरं एकामागून एक पत्र्याची होत चालली आहेत. पत्राच घालणार असाल तर तो धरून ठेवणाऱ्या जे-हुकात काटकसर करू नका, विशेषतः कडेच्या ओळींना. वारा कडेखालून शिरतो.

विहिरीचं पाणी प्यायचं का?

उकळल्याशिवाय नाही. विहिरीत पालापाचोळा, मेलेली जनावरं, संडासाच्या टाकीचं पाणी, काहीही गेलेलं असू शकतं. आधी कचरा काढा. पाणी गढूळ असेल तर उपसा, कारण गढूळ पाण्यात टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकली तरी ती गाळातच खर्ची पडते.

मग टीसीएल. चांगल्या पावडरीचं प्रमाण साधारण १,००० लिटरला अडीच ग्रॅम. विहिरीचा व्यास ३ मीटर आणि पाणी ४ मीटर खोल असेल तर सुमारे २८,००० लिटर पाणी झालं, म्हणजे साधारण ७० ग्रॅम पावडर. ती बादलीत कालवा, चुन्याचा गाळ खाली बसू द्या, वरचं निवळ पाणी विहिरीत सोडा आणि कळशी बुडवून बुडवून ढवळा. एक तास पाणी काढू नका. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे ओटी टेस्टचं द्रावण असतं. नमुन्याला पिवळा रंग आला म्हणजे क्लोरीन आहे. उघडून वर्ष झालेल्या पावडरीत दम नसतो, पिशवीवरची तारीख बघा.

समुद्राचं किंवा खाडीचं पाणी विहिरीत शिरलं असेल तर टीसीएलने खारटपणा जात नाही. ती विहीर पावसाच्या पाण्याने धुऊन निघेपर्यंत भांडी-कपड्यांना. लाइट नाही म्हणजे पंप नाही, तेव्हा ज्याच्या विहिरीला अजून रहाट आहे तो त्या आठवड्यात वाडीचा राजा.

आगोटीचं सगळं सामान भिजलं. काय ठेवायचं, काय टाकायचं?

निसर्ग नेमकं जूनच्या तोंडावर आलं. तांदूळ, डाळी, सुकट, बोंबील, आमसुलं, साठं, लाकूडफाटा, गोवऱ्या, बियाण्याचं भात, पावसाळ्याची सगळी बेगमी भरून झालेली होती आणि वरचं छप्पर गेलं. तांदूळ नुसता पावसाने भिजला असेल तर लगेच पसरून वारा द्या आणि आधी तोच खा. बुरशीचा वास आला की गुरांनाही घालू नका. पुराचं किंवा खाडीचं पाणी लागलेलं धान्य टाकायचं. सुकी मासळी भिजून मऊ झाली असेल तर तिच्यावर जीव ठेवू नका.

बियाण्याचं भात भिजलं असेल तर एकेका दाण्याचा शोक करण्यापेक्षा शंभर दाणे ओल्या फडक्यात बांधून मोड येतात का बघा. सत्तरच्या वर आले तर पेरा.

जेवण एकत्र शिजवा. कोरडा लाकूडफाटा आणि कोरडी चूल प्रत्येक घरात नसते, पण वाडीत एक तरी असते. देवळाच्या किंवा मशिदीच्या आवारात एकच मोठं पातेलं लागलं की कोण जेवायला आलं नाही हेही कळतं. माणसांची खबर घेण्याचा याहून सोपा उपाय आम्हाला तरी सापडलेला नाही.

साप, विंचू, ताप?

बिळांत पाणी शिरलं की फुरसी, घोणस, नाग, मण्यार कोरड्या जागी येतात, म्हणजे तुमच्या घरात. कौलांच्या ढिगात, लाकडाखाली हात घालण्याआधी काठीने हलवा. चावल्यास हालचाल थांबवा, पाय किंवा हात फळीला बांधून स्थिर ठेवा, कापू नका, चोखू नका, करकचून बांधू नका. फुरसं आणि घोणस यांच्या विषाने रक्त गोठत नाही, तिथे ब्लेडने कापणं म्हणजे जीवावरचं. विंचू लाल असेल, घाम फुटून हातपाय गार पडत असतील तर घरगुती उपाय करत बसू नका. प्राझोसिन या गोळीने विंचवाचे रुग्ण वाचवता येतात हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी जगाला दाखवलं, आपल्याच रायगडातून. निघण्याआधी ग्रामीण रुग्णालयात सर्पदंशाची लस आहे का हे विचारता आलं तर विचारा.

ताप आठ-दहा दिवसांनी येतो. चिखलात अनवाणी काम केलं, पायाला जखम होती, आणि मग ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल, असं झालं तर लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसची, शंका घेऊन त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. साधा ताप म्हणून अंगावर काढू नका.

फ्रिज बंद आहे. इन्सुलिन खराब होईल?

वापरात असलेली बाटली किंवा पेन साधारण महिनाभर खोलीच्या तापमानाला चालतं, फक्त फार तापू देऊ नका. माठाच्या गारव्याला, कोरड्या डब्यात घालून ठेवा. बर्फाला चिकटवू नका. गोठलेलं इन्सुलिन फेकायचं.

पंचनामा कसा होतो? आम्ही काय तयार ठेवायचं?

घर आणि शेतीचा पंचनामा तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक मिळून करतात. ते येईपर्यंत सगळं तसंच ठेवायची गरज नाही, राहणार कुठे? पण उचलण्याआधी फोटो काढा: चारही बाजूंनी घर, आतून छप्पर, भिजलेलं सामान, आणि फोटोत घरातलं एखादं माणूस. आगरात पडलेलं प्रत्येक झाड मोजून, बुडाला खुणेचा रंग लावून, मग तोडा.

कागद: आधार, बँक पासबुक, घराचा नमुना ८ चा उतारा, जमिनीचा सातबारा. खरा घोळ सातबाऱ्यात असतो. आपल्याकडे एकेका सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावं, त्यातली अर्धी वारलेली, बाकीची बोरिवली ते बडोदा पसरलेली. मदत एकाच्या खात्यात यायची तर बाकीच्यांची संमती लागते. ही संमतीपत्रं वादळानंतर मिळवायला जाल तर वर्ष जाईल. गणपतीला सगळे घरी असतात तेव्हा सह्या घेऊन ठेवा.

निसर्गनंतर राज्य सरकारने फळबागांची मदत वाढवून हेक्टरी ५०,००० रुपये केली, २ हेक्टरच्या मर्यादेत. ऐकायला बरं वाटतं. पण आपलं आगर असतं पाच-दहा गुंठ्यांचं, त्यात नारळ, पोफळी, मिरी, जायफळ एकात एक. हेक्टरी हिशेबाने हातात येतं ते मजुरीलाही पुरत नाही. त्यावर आरडाओरडा झाला आणि नारळ-सुपारीला झाडामागे मदत द्यायचं ठरलं. तेव्हा झाडांचा आकडा स्वतः मोजलेला हवा, अंदाजाने सांगितलेला नको.

घराची अंशतः पडझड मदतीच्या निकषात बसायला किमान १५ टक्के नुकसान दिसावं लागतं. यादी ग्रामपंचायतीत लागली की नाव बघा. नसेल तर तहसीलदारांकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी तक्रार हवेत जाते.

आणि जाता जाता आदिवासीवाडीकडे बघा. कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवरून मेअखेरीस परततात, पावसाळ्यासाठी झोपडी नीट करतात आणि वादळ ती घेऊन जातं. त्यांच्यापैकी अनेकांकडे ना सातबारा ना घरपट्टीची पावती. कागद नाही म्हणून पंचनामा नाही, असं होऊ देऊ नका. गावातल्या दोन माणसांनी सोबत उभं राहून ‘हे इथेच राहतात’ असं सांगितलं तर अधिकारी बहुतेक वेळा ऐकतात. मंदिराच्या वर्गणीला पुढे असणाऱ्यांनी इथेही पुढे यावं.

नारळ-पोफळीची बाग गेली. पुन्हा उभी राहील?

राहील, पण वेळ लागेल, आणि सुरुवात लागवडीने होत नाही, सफाईने होते. नारळाला आणि पोफळीला वाढीचा कोंब एकच असतो. शेंडा मोडला की झाड संपलं. हिरवं दिसतंय म्हणून आशेने ठेवू नका. लहान आंबा, काजू, चिकू मुळं धरून कललेले असतील तर फांद्या छाटून, चार-पाच दिवसांच्या आत, मुळं सुकू न देता हळू उभे करा, टेकू द्या, कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद-चुन्याचं मिश्रण, लावा. मोठं कलम उभं करण्याच्या नादात दुसरं पाडू नका.

पडलेले माड आगरात कुजू दिले तर त्यात गेंड्या भुंगा अंडी घालतो आणि सहा महिन्यांच्या आत नवे भुंगे वाचलेल्या माडांवर चढतात. जखमी खोडाच्या वासाने सोंड्या भुंगाही येतो. त्याचं कळतं तेव्हा झाड आतून पोकळ झालेलं असतं. म्हणून एकट्याने स्वतःचं आगर साफ करून भागत नाही, शेजारचं बंद घराचं आगरही साफ व्हायला हवं. वाडीने पाळी लावून, एकेक आगर सगळ्यांनी मिळून काढणं हाच मार्ग. लहान रोपांच्या वरच्या बेचक्यांत डांबरगोळ्या ठेवून वर वाळू घाला. पोफळीची सरळ खोडं फेकू नका, मांडवाला आणि पन्हळीला चालतात.

उघड्या झालेल्या बागेत वाचलेल्या पोफळींना पश्चिमेचं ऊन सोसत नाही, खोड भाजून तडकतं. मधे केळी लावा. सावलीही मिळते आणि वर्षाच्या आत घडही. पावसाळ्यात सुपारी गळवणाऱ्या कोळेरोगासाठी बोर्डो फवारणी चुकवू नका. रोपं घेताना रस्त्यावरच्या टेम्पोतून घेऊ नका. श्रीवर्धनी रोठा या सुपारीच्या जातीची खात्रीची रोपं हवी असतील तर श्रीवर्धनच्या सुपारी संशोधन केंद्रात किंवा दापोलीच्या कृषी विद्यापीठात चौकशी करा. पोफळ लागायला पाच-सहा वर्षं, बाणवली, म्हणजे उंच जातीचा, माड त्याहून जास्त. तोवर घर कशावर चालणार हा प्रश्न बागेइतकाच मोठा आहे आणि त्याचं उत्तर दुर्दैवाने अनेक घरांनी मुंबईची गाडी धरून दिलं.

खारबांध फुटून शेतात समुद्राचं पाणी आलं.

पहिलं काम खांड, म्हणजे बांधाला पडलेलं भगदाड, बुजवणं, तेही पुढच्या उधाणाच्या आत. पंचांग काढून पौर्णिमा-अमावास्या बघा. मग पावसाचं गोडं पाणी शेतात साठवून सोडा, असं दोन-तीनदा करा. मीठ धुऊन जातं. त्या हंगामात पनवेल खारभूमी संशोधन केंद्राच्या पनवेल १, २, ३ या क्षार सोसणाऱ्या भाताच्या जाती लावा.

होड्यांचं काय?

११ नोव्हेंबर २००९ ला फयान चक्रीवादळ आलं ते भर हंगामात, होड्या समुद्रात असताना. ज्या घरांतली माणसं परतली नाहीत त्यांच्यासाठी ते अजून संपलेलं नाही. म्हणून कोळीवाड्यातली माणसांची मोजणी बंदरावर होते: कुठली होडी कुणाच्या खाडीत शिरली, तिच्यावर तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, कोण, खलाशी किती. देवगडसारख्या आडोशाच्या बंदरात वादळाच्या वेळी परराज्यातल्या बोटीही येतात, तेव्हा आपली न दिसणारी होडी तिथे आहे का हे आधी विचारा. परप्रांतीय खलाशांची नावं आणि घरचे नंबर मालकाने निघण्याआधी लिहून ठेवावेत. त्यांचीही कुणीतरी वाट बघत असतं.

नुकसानीचा पंचनामा मत्स्यव्यवसाय विभागाकडून होतो. नोंदणी आणि परवान्याच्या प्रती किनाऱ्यावर ठेवा, होडीत नको.

आम्हाला मदत पाठवायची आहे. काय पाठवू?

आधी विचारा. जुने कपडे नकोत, ते ग्रामपंचायतीच्या पडवीत कुजतात. ताडपत्री, नायलॉन दोरी, जे-हुक, सौर दिवे, सॅनिटरी पॅड, कटर मशीनची चेन आणि ती चालवणारा माणूस यांचा उपयोग होतो. टेम्पो डांबरी रस्त्याच्या पहिल्या गावात रिकामा करू नका. तिथे चार टेम्पो आधीच आलेले असतात आणि डोंगरावरच्या धनगरवाडीत एकही पोचलेला नसतो. दोन तास चालायची तयारी असेल तरच वाटप करा, नाहीतर पैसे द्या.

आजोबा दिवसभर पडलेल्या आगराकडे बघत बसतात. काय बोलावं?

फार बोलू नका. ‘पुन्हा लावू’ हे वाक्य पंच्याहत्तरीच्या माणसाला लागतं; माड लागेपर्यंत आपण नसणार हे त्यांना ठाऊक असतं. त्यांना काम द्या: कुठलं झाड कुठे होतं, कुठल्या साली लावलं, हे सांगायला लावा आणि लिहून घ्या. पंचनाम्यालाही लागतं. जेवण तुटलं, झोप गेली, आता जगून काय असं बोलणं आलं तर १४४१६ या टेलिमानस, म्हणजे सरकारी मानसिक आधाराच्या, क्रमांकावर फोन करा. मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. वारा सुटला की रडणारी मुलंही वर्षभर असतात. त्यांना ‘घाबरतोस काय’ म्हणू नका.

बावट्याचे नंबर आणि रंगीत इशारे म्हणजे काय?

बंदरावरचे बावटे १ ते ११. तीन म्हणजे सोसाट्याचा वारा संभवतो, आठ ते दहा म्हणजे मोठा धोका, अकरा म्हणजे हवामान खात्याशी संपर्कच तुटला. हवामान खात्याचा पिवळा इशारा साधारण ४८ तास आधी, केशरी २४ तास आधी, लाल १२ तास आधी.

आमचं घर वर्षाचे दहा महिने बंद असतं. चावी कुणाकडे ठेवावी?

शेजारी, आणि एकाकडे नाही तर दोघांकडे. निसर्गमध्ये बंद घरांचं नुकसान उघड्या घरांपेक्षा जास्त झालं ते वाऱ्याने नव्हे, नंतरच्या पावसाने. दोन कौलं सरकली होती, वर कुणी चढलं नाही, आणि दिवाळीला कुलूप उघडलं तेव्हा भिंत बसलेली. चावीसोबत लेखी परवानगी द्या: आत जा, ताडपत्री घाला, पंचनाम्याला माझ्या वतीने उभे राहा, फोटो काढा. गॅसची टाकी आणि मेन स्विच कुठे आहे हे दाखवून ठेवा. खर्चासाठी थोडे पैसे आधीच देऊन ठेवा, म्हणजे शेजाऱ्याला तुमच्यासाठी उधारी करावी लागणार नाही. आणि मे महिन्यात आलात की घरावर वाकलेल्या फांद्या तेव्हाच छाटा. त्यासाठी माणूस हवा असेल तर महिनाभर आधी सांगा, मे संपताना सगळ्यांनाच तो हवा असतो.